नांदुऱ्यावरून न गेलेलं विमान

आमच्या घरातून कोणी कुठे निघालं की आधी मला विचारायचं, असा रिवाज मीच पाडला होता. एखाद्याने विचारलं नाही, तर मी ओट्यावर जाऊन त्याला गाठत असे. पिंपळगाव राजाला बैलगाडीने किती वेळ लागेल, वाटेतल्या नाल्याला पाणी असलं तर किती, आणि गाडीवान सुपारी कातरायला थांबला तर किती, हे सगळं मी त्याला ऐकवत असे. तो ऐकून घेई आणि त्याला पोहोचायचं तेव्हाच पोहोचे. परत आल्यावर मात्र मी विचारायचो, "काय, सांगितलं होतं तेवढाच वेळ लागला ना?" आणि तो बिचारा हो म्हणायचा. अशाने माझी ख्याती वाढत गेली.

मी नांदुऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवतो. शहाणपण अंगात शिरायला एवढं कारण पुरतं. शिवाय आमचं गाव रेल्वेच्या मुख्य लाईनवर. मुंबईहून नागपूरला जाणारी प्रत्येक गाडी आमच्या दारावरून जाते, निदान आम्हाला तसं वाटतं. कोणती गाडी वेळेवर आहे आणि कोणती नाही, हे आमच्याकडची बायामाणसं शिट्टीवरून सांगतात. मुंबई ते नागपूर पाचशे वीस मैल, त्यातलं नांदुरा तीनशे तिसाच्या आत-बाहेर, हे मला माझ्या मुलांच्या जन्मतिथींपेक्षा पक्कं पाठ. मी स्वतः पश्चिमेला भुसावळच्या पुढे कधी गेलो नव्हतो, ही गोष्ट वेगळी.

तर आमच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा धामणगाव बढ्याचा, घरची शेती, माणसं चांगली. वैशाखातला गोरज मुहूर्त निघाला, संध्याकाळी सातला दहा मिनिटं कमी. सगळं झालं, आणि मग बायकोने आपली एकुलती एक अट सांगितली.

"तिच्या पाठीशी तिचा मामा उभा राह्यला पाहिजे. सख्खा."

आमच्याकडे मुलीला बोहल्यावर मामा घेऊन येतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. मामा नसला तर कोणीही मामा होतो, त्यात एवढं काही नाही, असं मी म्हणालो. म्हणायला नको होतं.

"माह्या लग्नात मामा नव्हता," ती म्हणाली. "कोणी तरी माणूस उभा केला होता. अंतरपाट धरलेला, मले काही दिसेना, अन् तो मागून खोकत होता. आजपर्यंत मले माहीत नाही तो कोण होता. माह्या पोरीच्या मागं असा कोणी खोकणारा नको."

अठरा वर्षांच्या संसारात ही गोष्ट ती पहिल्यांदा बोलली. तो खोकणारा गृहस्थ कोण, हे मला ठाऊक होतं. माझ्या वडिलांच्या ओळखीचे, कापसाच्या जिनात वजन करणारे तोलारी होते ते. पण त्या क्षणी सांगण्यासारखं ते वाटलं नाही.

बायकोला भाऊ एकच, तिच्यापेक्षा धाकटा. तो मुंबईला तारखात्यात. त्याचं पत्र आलं की रजा मिळाली आहे, पण लग्नाच्या आदल्या रात्री त्याची रात्रपाळी आहे आणि ती कोणी बदलून घ्यायला तयार नाही. सकाळी सहाला सुटका. म्हणजे रात्रीची मेल गेली. सकाळची गाडी धरली तर आमच्याकडे पोहोचेपर्यंत अक्षता पडून, जेवणं होऊन, वऱ्हाड पान खात बसलेलं असणार.

बायको ते पत्र हातात घेऊन चुलीपुढे बसून राहिली. भाजी लागल्याचा वास मला ओट्यावर आला, तिला आला नाही.

आणि मग मला विमान सुचलं.

मुंबईहून नागपूरला विमान जातं, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. वर्गात सांगितलंही होतं, जणू मी कालच त्यातून उतरलो. मी मेहुण्याला सविस्तर पत्र लिहिलं. त्याचं उत्तर दोन ओळींचं आलं. "भाऊजी, विमानात जागा मिळाली. सकाळी आठला सुटतं. पुढचं तुम्ही बघा, माझं डोकं चालत नाही."

पुढचं तुम्ही बघा! हे तीन शब्द मला कोणी लिहावेत म्हणून मी आयुष्यभर थांबलो होतो.

शाळेला सुट्टी लागली होती. मी हेडमास्तरांना विचारून वर्गातला मोठा नकाशा घरी आणला आणि माजघरातल्या भिंतीला टांगला. मांडवाची बांबूवाली माणसं, पापड लाटणाऱ्या बाया, कासार, सगळे त्याच्यापुढून जाताना वाकून जाऊ लागले, कारण तो अर्ध्या दारावर लोंबत होता. मी बाभळीचे काटे आणले. एक मुंबईला टोचला, एक मनमाडला, मग भुसावळ, मलकापूर, नांदुरा, अकोला, बडनेरा, शेवटचा नागपूरला. त्या काट्यांवरून दोरा नेला. दोरा मोजला, नकाशाच्या पट्टीवर धरला, तर थोडा फार इकडेतिकडे पाचशे वीस मैल भरला. टाइमटेबलात तेच. मला भरून आलं. नकाशा खरा, टाइमटेबल खरं आणि मी खरा.

विमान तासाला पावणेदोनशे मैल धरा. म्हणजे तीन तास. आठला सुटलेलं विमान अकराला नागपूरला. तिथून टांग्याने स्टेशनवर यायला पाऊण तास. सव्वाअकराची मेल चुकणार, ती पाचच्या सुमारास आमच्याकडे येते, पण तिचं नाव काढायचं नाही. साडेबाराची गाडी मिळणार, ती साडेसहाला नांदुऱ्याला. मुहूर्ताला वीस मिनिटं राखून मामा हजर. मी मेहुण्याला तसं कळवलं. "नागपूरला मेल मिळणार नाही, उगाच धावाधाव करू नये. शांतपणे जेवावे आणि साडेबाराची गाडी धरावी."

"वीस मिनिटं?" बायको म्हणाली. "अन् गाडी लेट झाली तर?"

"ती गाडी लेट होत नाही."

"मागच्या आठवड्यात दीड घंटा लेट होती. मी शिट्टी ऐकली न."

मी विषय बदलला. कारण या हिशेबात एक रत्न मला सापडलं होतं. विमान आठला सुटलं, तर नांदुऱ्यावरून ते किती वाजता जाईल? तीनशे तीस भागिले पावणेदोनशे. दहाला सात मिनिटं कमी! मी ही गोष्ट घरात सांगितली, मग ओट्यावर, मग शाळेच्या शिपायाला, मग बाजारात. लग्नाच्या आदल्या दिवशी मला अनोळखी माणसं थांबवून विचारू लागली, "काहो गुरुजी, दहाले सात कमीच न?"

लग्नाच्या दिवशी साडेनवापासून आमच्या आळीतल्या सगळ्या धाब्यांवर, घरांच्या सपाट मातीच्या छपरांवर, माणसं चढली. शेजारचे म्हातारे पाटीलबुवा, ज्यांना जिना चढायला एरवी दोन माणसं लागत, ते एकटे वर आले. बायकोने मुद्दाम पिवळंधमक लुगडं नेसलं होतं, वरून दिसावं म्हणून. मुलगी हळदीच्या अंगाने वर आली, तिला आजीबायांनी उन्हात यायला बंदी केली होती, तरी आली. मी मधोमध उभा. हातात घड्याळ, ते सकाळीच स्टेशनच्या घड्याळाशी जुळवून आणलेलं.

"आता भुसावळ गेलं," मी म्हणालो. थोड्या वेळाने म्हणालो, "आता मलकापूर." लोकांनी मलकापूरच्या दिशेने डोळ्यांवर हात धरले.

सात मिनिटं कमी झाली. दहा वाजले. आभाळ स्वच्छ, त्यात एक घार. पाटीलबुवांनी तिला हात केला. "थे पाहा!" म्हणाले, आणि दहा-बारा जणांनी हात केले. घार वळून कापसाच्या जिनामागे गेली.

"गुरुजी, हे त फिरून गेलं की वो!"

"ती घार आहे," मी म्हणालो.

"घार? तरीच म्हनलं मामासाहेब दिसून नाही राह्यले."

सव्वादहा. साडेदहा. पत्र्यासारखं ऊन तापलं. माणसं एकेक करून उतरू लागली. उतरताना माझ्याकडे बघत नव्हती, हे मला जास्त लागलं. आणि मग कोणी तरी, जिन्याच्या पायरीवरून, अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणालं, "पडलं त नसंल?"

त्याला लगेच कोणी गप्प केलं. पण बायकोने ऐकलं होतं. ती पिवळ्या लुगड्यात तशीच उभी होती, पश्चिमेकडे तोंड करून. मुलीने तिचा हात धरला. इतका वेळ नुसती फजिती वाटणारी ती गोष्ट एकदम थंडगार झाली. विमानात बसायचं खूळ माझं. तो तर गाडीनेच येणार होता, उशिरा का होईना.

मी चप्पल घालून स्टेशनवर गेलो. स्टेशनमास्तरांना म्हणालो, तारेने नागपूरला विचारा, विमान आलं का.

"गुरुजी, माह्या तारेवर गाड्यांची खबर येते," ते म्हणाले. "विमानाची कशी येईन?"

"ते याच लाईनवरून जाणार होतं हो. दहाला सात कमीला."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आमच्या लाईनवरून?" एवढंच विचारलं, आणि समोरच्या मालगाडीला झेंडी दाखवायला गेले. त्यांच्या विचारण्यात काही होतं, पण मला ते कळलं नाही. माणूस घाबरला की त्याची भूगोलाची पदवी काही कामाची राहत नाही.

घरी आलो तर बायको माजघरात नकाशासमोर उभी. हातात हळदीच्या दोऱ्याची गुंडी, कंकणं करायला आणलेली. डोळे रडलेले, पण आता रडत नव्हती. चिखलीच्या शाळेत ती चौथीपर्यंत शिकली आहे. नकाशा मी तिला कधी दाखवला नव्हता, कारण तिने कधी विचारलं नव्हतं, आणि मी न विचारता दाखवली नाही अशी ही जगातली एकमेव वस्तू.

"हे काटे कायचे व्हत?"

"स्टेशनं."

"विमान स्टेशनावर थांबते का?"

"नाही."

"मग त्याले मधात काटे काऊन टोचले? त्याले भुसावळले उतरून चहा प्याचा हाय का?"

 तिने मुंबईचा आणि नागपूरचा काटा ठेवून मधले सगळे उपटले आणि माझ्या हातात दिले, जसा नवऱ्याच्या हातात मिरच्यांचे देठ द्यावेत. मग हळदीच्या दोऱ्याचं एक टोक मुंबईला बांधलं, दुसरं नागपूरला नेलं आणि ताण देऊन ओढलं. दोरा नांदुऱ्यापासून चांगला चार बोटं खाली गेला. घाट चढून, बुलढाण्याच्याही पलीकडून, थेट चिखलीच्या अंगाला लागून.

"हे पाहा," ती म्हणाली. "त्यो आपल्याकडे आलाच नाही. त्यो चिखलीवरून गेला. माह्या माहेरावरून." आणि हसली. सकाळपासून पहिल्यांदा. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "सारं गाव उन्हात उभं केलं तुम्ही! पाटीलबुवा वर चढले, त्यायले आता उतरता नाही येऊन राह्यलं."

खरंच, पाटीलबुवा अजून धाब्यावर होते.

मी नकाशाकडे बघत राहिलो. पंधरा वर्षं मी मुलांना शिकवत आलो होतो की दोन ठिकाणांमधलं सर्वांत कमी अंतर म्हणजे सरळ रेषा. पण मुंबई आणि नागपूर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे रूळच येत. जग रुळांवरून जातं आणि नांदुऱ्याला पाणी भरायला थांबतं, हे आमच्या गावात कोणाला शिकवावं लागत नाही.

बायकोने अजून दोरा धरला होता. तिने तो चिमटीत मोजला, मग माझा जुना दोरा घेतला आणि दोन्ही शेजारी धरले. हळदीचा दोरा वीतभर आखूड.

"दोरा कमी झाला," ती म्हणाली. "म्हणजे त्याले येळ बी कमी लागला असंल न? मग त्याले पाचची मेल भेटन."

"तसं नसतं," मी म्हणालो.

का म्हणालो, देव जाणे. ती म्हणत होती ते अगदी तसंच असतं. पाचवीतल्या पोरालाही सांगता आलं असतं. पण एका सकाळीत माणसाने किती वेळा चुकावं, यालाही मर्यादा असते, म्हणून मी माझ्या बाजूने ती आखून घेतली. साडेसहाच्या गाडीला आमची दमणी, बैलांची हलकी गाडी, पाठवायचं ठरलं होतं, तेच कायम, असं सांगून मी मांडवात गेलो आणि जिथे माझी गरज नव्हती अशा चार ठिकाणी उभा राहिलो.

पाचला मेलची शिट्टी झाली. मी मनात म्हणालो, वेळेवर आहे, पण आपल्या काय कामाची. वरपक्ष जानवसघरी उतरला होता. जोशीबुवांनी विचारलं, "मामा आले का?" मी म्हणालो, "साडेसहाला." ते म्हणाले, "अन् नाही आले तर?" मी म्हणालो, "येतील." हे बोलताना माझा आवाज मलाच जिनातल्या त्या तोलाऱ्यांच्या खोकल्यासारखा वाटला.

तेवढ्यात दाराशी घुंगरं वाजली. आमचीच दमणी. हाकायला पाटीलबुवांचा सालदार गडी, शेजारी स्वतः पाटीलबुवा, त्यांना शेवटी कोणी तरी उतरवलं होतं तर. आणि मागे, वळकटीवर बसलेला, डोळे लाल, केस उभे, दोन्ही कानांत पांढराशुभ्र कापूस घातलेला माझा मेहुणा.

"तुम्ही इतक्या लवकर कसे?" माझ्या तोंडून निघालं. एकुलता एक मेहुणा पोरीच्या लग्नाला येतो आणि माणूस असं स्वागत करतो.

"अं?" तो म्हणाला. त्याने एका कानातला कापूस काढला. "भाऊजी, तुमच्या पत्राने मले मारलं असतं. विमान साडेदहाच्या आतच उतरलं. स्टेशनवर आलो त समोर मेल उभी. मी म्हटलं, ही मेल नसंल. भाऊजींनी लिहिलं हाय मेल भेटत नाही. गार्डाले विचारलं, हमालाले विचारलं. हमाल म्हणे, साहेब, डब्यावर लिहिलं हाय, वाचता येत नाही का? तवा बसलो."

"आणि दमणी? दमणी कोणी पाठवली?"

पाटीलबुवा उतरत होते, त्यांना दोन माणसं लागत होती. "तुमच्या मास्तरीनबाईनं," ते म्हणाले. "म्हने, मेलवर जा. तुमाले सांगू नोका म्हने."

बायको दारात आली होती. भावाने तिला वाकून नमस्कार केला. तिने त्याच्या दुसऱ्या कानातला कापूस स्वतः काढला, लहानपणी काढला असेल तसा, आणि विचारलं, "वरून आपली चिखली दिसली का रे?"

"दिसली न ताई. देवळाचा कळस चमकून राह्यला होता."

"हाव?" ती म्हणाली आणि त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेली.

तो माझ्याजवळ सरकला. "भाऊजी, चिखली मधात येते का? रात्रभर पाळी केलेली, कापूस घातला अन् झोपलो. नागपूरले हलवून उठवलं मले."

मी त्याला वचन दिलं की हे कोणाला सांगणार नाही. इथे लिहितो आहे, पण ते त्याने वाचलं तर ओरडायला तो मुंबईहून येईल, आणि तेवढ्यासाठीही मी त्याला वेळ सांगू शकेन.

सातला दहा कमी असताना अंतरपाट धरला गेला. मुलीला तिचा मामा घेऊन आला, सख्खा, आणि पाठीशी उभा राहिला. खोकला नाही. मंगलाष्टकं लांबली तेव्हा उभ्या उभ्या जरा डुलकी आली असावी, कारण त्याच्या पगडीचं टोक मुलीच्या खांद्याला लागलं, आणि ती अंतरपाटाआड हसली, हे मी बाजूने पाहिलं. बायकोही पाहत होती. ती नवरा-नवरीकडे बघतच नव्हती. भावाच्या पाठीकडे बघत होती. साडेसहाची गाडी त्या दिवशी सव्वासातला आली. शिट्टी झाली तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. बायकोने माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड गेल्यावर मी तिला म्हणालो, "कळस कसा चमकत होता, सांगितलं ना त्याने."

"झोपला असंल त्यो," ती म्हणाली. "दमणीत बसला की झोपे. चिखली कवाच पाह्यली नाही त्यानं वाटेनं. उठवावं लागे." मग म्हणाली, "पण आला न."

नकाशा मी शाळा उघडायच्या आधी परत नेला. काट्यांची भोकं दिसत नाहीत. हळदीचा दोरा मात्र चार-पाच दिवस ताणून राहिला होता, आणि मांडवातला दमट हात त्याला कोणाकोणाचा लागला, कोण जाणे. मुंबईपासून नागपूरपर्यंत एक पिवळी रेघ उमटली, सरळ, चिखलीवरून. पुसली तर कागद निघतो.

पुढे नागपूरहून शाळा तपासणीला साहेब आले. नकाशाजवळ थांबले, रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "वा! हवाई मार्गही दाखवता तुम्ही मुलांना?"

"होय साहेब," मी म्हणालो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"साहेबाले सांगितलं का, कोणी काढली थे?"

"ते त्यांनी विचारलं नाही," मी म्हणालो.